शेवटच्या कडव्यातलं नाव

नबीलाल पिंजाऱ्यानं बावीस वर्षांत फडमालक श्रीमंतच्या तमाशाला अठरा वग रचून दिले, आणि अठराही वगांच्या शेवटच्या कडव्यात कवी म्हणून नाव आलं ते श्रीमंतच्या बापाचं. फडाची रीतच तशी होती. कवन कुणीही जुळवावं, नाव मात्र मालकाच्या घरचं. लोक माना डोलवून म्हणायचे, काय कवी होता म्हातारा! म्हातारा हयातीत विडीच्या बंडलावरचं नावसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा.

नबीलाल काष्टी गावचा. दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि पिंजायच्या कमानीच्या ठेक्यावर मनातल्या मनात ओळी बसवायचा. छप्पन्न वर्षांत छातीत कापूस गेला होता, खोकला जात नव्हता. त्याची बायको मुबारकबी फडाबद्दल कधी बोलायची नाही. एकदाच बोलली, "एवढं आयुष्य घातलंत, तर येकदा तुमचं नाव तरी घेऊ द्या कुनाला." ते त्याच्या मनात रुतून बसलं.

सेहेचाळीस साली पंचक्रोशीतल्या एका गावानं जत्रेची सुपारी दिली. वग नवा कोरा हवा आणि हसून हसून पोट दुखवणारा हवा. श्रीमंत तडक नबीलालच्या दारात आला.

"रचतो," नबीलाल म्हणाला. "पन शेवटाला माझं नाव. न्हाईतर दुसरा कवी बघा."

श्रीमंतच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण जत्रा महिन्यावर आली होती. "घाला बाबा," तो म्हणाला.

नबीलालनं एक साठीचा पाटील रचला. मिशांना कलप लावून दुसऱ्या लग्नाला निघालेला. गावच्या पंचांना वग आधी ऐकायचा होता. चावडीत ऐकताना काकासाहेब पाटलांचा हात आपसूक स्वतःच्या मिशीकडे गेला. "झ्याक हाय," ते म्हणाले, "फकस्त पाटील काढा."

पाटील काढून सावकार घातला. पंचांत सावकाराचा साडू निघाला. सावकार काढून तलाठी घातला, तर सगळेच घाबरले. भटजी घातला, तर भटजी समोरच बसलेले. दर खेपेला चार कोस चालत यायचं, आणि दर खेपेला रचलेलं मोडून घरी जायचं. नबीलाल अगदी मेटाकुटीला आला.

"मग हसायचं तरी कुनाला?" त्यानं विचारलं.

"कुनी गरीब बघा की," काकासाहेब म्हणाले. "ज्याला राग येत न्हाई असा."

नबीलालनं चावडीभर नजर फिरवली. तसा माणूस तिथं एकच होता. घरी येऊन एका बैठकीत त्यानं नवरदेवाचा पिंजारी करून टाकला. लग्नाची गादी पिंजायला आलेला बावळट, आणि वऱ्हाडी त्यालाच चुकून घोड्यावर बसवतात. पंचांना तो एकदम पसंत पडला.

सोंगाड्या मच्छिंद्रनं तालमीला नबीलालची कमानच मागून घेतली. त्याची वाकलेली चाल उचलली, दाढीत कापूस अडकवला, खोकलासुद्धा घेतला. "तुमच्यासारका पिंजारी मला दुसरा कुटं घावनार, मामा?" तो म्हणाला. पोरगा मनानं वाईट नव्हता. नबीलालला रागावण्याचंही त्राण नव्हतं. उलट त्यानं चूक दाखवली, "खोकला आदी न्हाई येत. कमान खाली ठेवल्यावर येतो."

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या पटांगणात वग उभा राहिला. माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. ढोलकीवाल्याच्या मागं उभा राहून नबीलाल फक्त शेवटाची वाट बघत होता. शेवटी सगळ्यांनी सूर लावला:

"कापूस पिंजता शब्द वेचिले,
नबीलाल म्हणे, कवन रचिले."

बावीस वर्षांनी नाव आलं, आणि अख्खं पटांगण खदखदून हसलं. लोकांना वाटलं, घोड्यावर बसवलेल्या पिंजाऱ्यानं अखेर आपलं नाव सांगितलं. "आरं नबीलाल, गादी झाली का?" मागून कुणीतरी ओरडलं. मच्छिंद्रनं कमान खांद्यावर घेऊन मुजरा केला. नबीलाल ढोलकीवाल्याच्या आणखी मागं सरकला.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत पुन्हा दारात हजर. पाच गावांची सुपारी आली होती, आणि सगळ्यांना 'नबीलालचा वग' हवा होता. श्रीमंतनं जरा चाचरत सांगितलं, "लोक वगातल्या त्या येड्यालाच नबीलाल म्हनत्यात. तुमाला लागत आसंल तर शेवटचं नाव काढतो. पयल्यासारकं आमच्या बाचं घालतो."

नबीलालनं हातातली कमान खाली ठेवली, मग खोकला आला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

आतून मुबारकबी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं पाच गावं आणि वगाचं नाव एवढंच ऐकलं होतं. "मंग, नाव घेतलं म्हना की लोकांनी," ती म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता.

"व्हय," नबीलाल म्हणाला, "समद्यांनी घेतलं."