हेमाताईंचा लपवलेला आनंद

हेमाताई सहस्रबुद्धे ठाकुर्लीला एका दवाखान्यावरच्या खोलीत समुपदेशन करतात. बोलताना त्यांचे हात सतत हलतात, आणि चेहऱ्यावर तर काही लपतच नाही. मागे वडील आजारी होते, तेव्हा समोरच्या खचलेल्या माणसांनाही त्या घाईघाईनं धीर द्यायला लागल्या होत्या. त्यांच्या मार्गदर्शक देवयानी मॅडमनी ते हेरलं. "अगं, बरं त्यांना वाटायला हवं होतं की तुला?" एवढंच विचारलं. तेव्हापासून पेशंट आत येण्याआधी हेमाताई क्षणभर स्वतःकडे बघतात: आज मी कशी आहे?

त्या शनिवारी त्या भलत्याच खुशीत होत्या. पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकून, सकाळी त्यांनी तलावाची खोल बाजू पहिल्यांदा एकटीनं पार केली होती. आणि आता समोर येणार होते विश्राम तावडे.

विश्रामकाका जवळच्याच मोहने गावचे. पत्नी रतन गेल्यापासून ते गप्पच झाले होते. सून संचितानं आग्रहानं इथे पाठवलं, पण दर वेळी 'बरं आहे' म्हणून खिडकीबाहेर बघत बसायचे. अशा माणसासमोर आनंदानं फुललेला चेहरा कसा न्यायचा? हेमाताईंनी ओठ घट्ट मिटले, हात मांडीवर दाबून धरले.

काका आत येऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुम्हाला बरं नाही का?"

हेमाताई गडबडल्या. मग म्हणाल्या, "नाही हो. आज मी फार आनंदात आहे, आणि तुमच्यासमोर ते लपवतेय. चुकलंच माझं."

काका खुर्चीत पुढे सरकले. "घरी पण हेच चाललंय," ते म्हणाले. "मुलगा-सून टीव्हीचा आवाज बारीक करून हसतात. मी आलो की चेहरे पाडतात. मग मला वाटतं, आपण दुःखातच बसायचं असतं."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"रतनबद्दल बोलायचंय. पण हसत. ती हसवायचीच तशी!" आणि काका सुटलेच. मैदानावर ते अंपायर असताना रतननं बाहेरून ओरडून आउटचा निर्णय फिरवायला लावला होता. "बॅटिंगला तिचा भाऊ होता ना!" सांगता सांगता त्यांना हसू आवरेना, डोळेही वाहू लागले. हेमाताईंनी हात मोकळे सोडले आणि नुसतं ऐकलं. आपल्या पोहण्याचा विषय काढलाच नाही.

नंतर देवयानी मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज आनंद होता म्हणून कबूल करणं जमलं. उद्या कंटाळा असेल, तेव्हाही असंच बघ स्वतःकडे."

पुढच्या वेळी विश्रामकाका संचितालाच घेऊन आले. "हिला सांगा मॅडम," ते म्हणाले, "सासू कशी ओरडायची त्याची नक्कल ही फार झकास करते, पण लाजते."

संचिता पदराआड हसली. मग उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि असा काही आवाज लावला की खालून कंपाउंडर काय झालं म्हणून बघायला वर आला.