बिनविरोध सम्राट

२८ फेब्रुवारी. सकाळपासून दुकानात शालींच्या घड्या घालत होते. सत्काराची शाल थंडीला चालत नाही, पुसायलाही चालत नाही, कारण ती पाणीच शोषत नाही. ती फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरते. आमचं दुकान मात्र तिच्यावर चालतं. दुपारी आमच्या महाविद्यालयाच्या नव्या अध्यक्षांचा सत्कार होता. मी तिथे इतिहास शिकवते, दुकान नवरा बघतो.

“जुन्या अध्यक्षाच्या वाढदिवसाला बी एवढ्याच शाली गेलत्या,” नवरा म्हणाला. “राजा कुणी बी होऊ दे, आपला माल खपतोय ना?”

“फ्रान्समधले दुकानदारही असंच म्हणत असतील.”

“मग? चाललं का त्यांचं दुकान?”

“काहींचं चाललं.”

“मंग झालं तर. ती दोरी दे इकडं.”

बी.ए.च्या वर्गाला मी वर्षानुवर्षं फ्रान्स शिकवते. मुलं स्वातंत्र्य, समता, बंधुता पाठ करून येतात आणि तिथेच थांबतात. मी थांबू देत नाही. पाव मिळेना म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि राजाला शहरात घेऊन आल्या. चार वर्षांनी त्याच क्रांतीने बायकांचे क्लब बंद केले. बायकांनी घर बघावं, म्हणे. मग डोकी उडवणारे आले, त्यांचीही उडाली. माणसं इतकी दमली, की तोफखान्यातून वर आलेल्या एका सेनापतीच्या हाती सगळं देऊन मोकळी झाली. तेही मतं घालून. त्याने कायदे नीट लिहिले, रस्ते केले, शाळा काढल्या, आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी हेही कायद्यातच लिहिलं. शेवटी आपल्याच हाताने डोक्यावर मुकुट ठेवला. पुढे त्याच्या पुतण्याने तेच केलं. आधी निवडून आला, मग सम्राट झाला. जमीनदारांचे जुने हक्क गेले ते काही परत आले नाहीत. तेवढं श्रेय मी क्रांतीला देते, आणि पोरांना सांगते, पेपरात लिहिताना पहिलं पान लिहून उठू नका.

आमच्या संस्थेचं पहिलं पान गेल्या पावसाळ्यात लिहून झालं. आजोबा अध्यक्ष, मग मुलगा, मग नातू, असं तिथे चाललेलं. मुलींच्या वाचनालयाच्या खोलीत नातवाच्या प्रचारसभांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या कोंबलेल्या. गोदाकाठच्या गावांतून येणाऱ्या मुलींना सकाळची एसटी मिळते, परतीची थेट संध्याकाळी. मधला वेळ त्या पायऱ्यांवर बसून काढायच्या. एक दिवस त्यांनी कुलूप तोडलं, खुर्च्या बाहेर काढल्या आणि त्याच खुर्च्या रस्त्यात मांडून बसल्या. वाळूचे टिपर अडकले. ज्या कंत्राटदाराचे टिपर अडकले, तो तावातावाने आला. गर्दी बघितली, मोबाइल बघितले, आणि एक खुर्ची ओढून मुलींच्या शेजारी बसला. दुसऱ्या दिवशी आंदोलन त्याचं झालं होतं.

मुलींना वाचनालय मिळालं, मग संस्थेचे सभासद फिरले. नातू गेला, कंत्राटदार आला, तोही बिनविरोध. आमच्याकडे बिनविरोध या शब्दाचा भलता अभिमान. दुसरा उमेदवार उभा राहिला तर तो गाव फोडायला निघाला असं समजतात. निवडीच्या त्याच सभेत कुणीतरी ओरडलं, “सगळे अधिकार अध्यक्षांना! वाजवा टाळ्या!” आणि वाजल्या. मी मागे उभी होते. मला मत नव्हतं, तोंड होतं. विचारलं, “सगळे म्हणजे कोणते?”

पुढचा सभासद वळून म्हणाला, “मॅडम, लग्नात काय अक्षता मोजून टाकता का?”

आणि आता त्या अध्यक्षाने वाचनालय रिकामं करायचा हुकूम दिला होता. तिथे त्याचं संपर्क कार्यालय होणार होतं. सोफा आदल्याच दिवशी येऊन पडला होता.

शेवटच्या गठ्ठ्याला गाठ मारत होते तेव्हा शेवटच्या वर्षातली एक मुलगी दुकानात आली. कुलूप तोडणारी हीच. पोलीस भरतीचा अभ्यास करते.

“मॅडम, उद्यापास्नं आमी कुठं बसायचं?”

“घरी अभ्यास होत नाही?”

“घरी पुस्तक उघडलं की भाकरी थापायला उठवतेत. बाबा म्हनले, वाचनालय हाय तवर जा. बंद झालं की बस. लगेच पावनी बोलावनार हायती, बघायला.”

रडली नाही. बरं झालं. मला रडणाऱ्या पोरींशी बोलता येत नाही.

“सकाळी पहिल्या गाडीने ये,” मी म्हटलं. “बाकीच्यांनाही आण.” पुढे काय करायचं ते तेव्हा माझंही ठरलं नव्हतं.

दुपारी मैदानावर जेसीबीच्या बकेटमधून अध्यक्षांवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या. क्रेनने उचललेला हार त्यांच्या अंगावर टेकला, त्यात ते कमरेपर्यंत बुडाले. मंचावर चढण्याआधी मला म्हणाले, “मॅडम, चार शब्द बोला आमच्यावर. ते फ्रान्सचं तुमी लई भारी शिकवता म्हनं. त्यो गडी शेवटी सम्राट झाला न्हाई का?”

“झाला. आणि एका बेटावर कैदेत मेला.”

ते खो खो हसले. “आपल्याला कशाची भीती? गोदावरीत वाळूची बेटं हायती, ती बी आपलीच!”

भोवतालचे सगळे हसले. आमचे प्राचार्य सगळ्यांत उशिरापर्यंत हसत होते.

मी माइक घेतला. बायकांनी राजाला कसं आणलं ते सांगितलं. टाळ्या. त्यांचे क्लब कसे बंद झाले ते सांगितलं. त्यालाही टाळ्या. आमच्याकडे वाक्य संपलं की टाळी पडते, आत काय आहे कुणी बघत नाही. मग म्हटलं, “या संस्थेचं सिंहासन मुलींनी हलवलं. आणि आज त्यांच्याच वाचनालयात...”

एवढ्यात अध्यक्ष उठले. “मॅडमचा सत्कार झाला पायजे!” म्हणत स्वतः शाल घेऊन आले. माझ्या खांद्यांवर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ, आणि माइक निवेदकाच्या हातात. बँड सुरू. तिकडे विरोधकाचा गळा कापायचे, आमच्याकडे गळ्यात हार घालतात. बोलणं दोन्हीकडे थांबतं, पण इथे वर हसून फोटोही द्यावा लागतो. मी हसले नाही. फोटोत मी कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखी दिसते.

घरी येऊन शालीची घडी घातली आणि पुन्हा गठ्ठ्यात ठेवली. “विकली जाईल,” नवरा म्हणाला. मग गठ्ठ्याची दोरी आवळत म्हणाला, “त्या मानसाशी वाकडं घेऊ नको. ऑर्डरी जातील.”

“शाली नातवालाही लागायच्या. याच्यानंतर येईल त्यालाही लागतील,” मी म्हटलं आणि भात टाकायला उठले. भात होईपर्यंत ठरलं. वाचनालय मी उघडू शकत नव्हते. पण माझा तास कुठल्या खोलीत घ्यायचा, हे विभागप्रमुख म्हणून मीच ठरवते. त्या अधिकारावर टाळ्या वाजवायचं सगळे विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीच्या आधी पोचले. शिपाई संपर्क कार्यालय झाडत होता. “तास आहे,” म्हटलं. त्याने सोफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झाडू घेऊन बाहेर गेला. मुली आल्या. सोफ्यावर पाच जणी दाटीवाटीने बसल्या, बाकीच्या सतरंजीवर. पोलीस भरतीवालीला अध्यक्षांच्या टेबलाशी बसवलं, तिला लिहायला जागा लागते. दाराबाहेर बुटांचा आवाज आला आणि थांबला.

मी दाराकडे पाठ केली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.