सात नंबरच्या रांगेतलं बटण

अमेरिकेतल्या मेकन गावात बायकांचे केस करून देणाऱ्या ऑर्थेलिया बिग्जबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, तिच्या हाताखालून गेलेलं डोकं रविवारी चर्चमध्ये तीन बाकांवरून ओळखू येतं. दुसरी, औषधाच्या दुकानातलं ते बटण ती दाबत नाही म्हणजे नाही. पहिल्या गोष्टीसाठी लोक तिला मानत आणि दुसरीसाठी हसत. हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे मॅव्हिस टॉलिव्हर. शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे तिला हसायचा परवानाच होता.

बटणाची हकीकत अशी. कोपऱ्यावरच्या मोठ्या औषधाच्या दुकानात सात नंबरच्या रांगेला सगळा केसांचा माल. अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी तिथे काच बसली आणि काचेला कुलूप लागलं. सगळ्या रांगेला नव्हे हां, आमच्या काळ्या लोकांच्या केसांची तेलं आणि मलमं ठेवतात तेवढ्याच चार फळ्यांना. शेजारी गोऱ्या बायकांचे शाम्पू ऐसपैस उघडे. सव्वीस डॉलरची बाटली उघड्यावर आणि चार डॉलरची डबी कोंडवाड्यात. काचेवर एक लाल बटण आणि खाली पाटी: मदतीसाठी दाबा.

ऑर्थेलियाला निळ्या डबीतलं मलम हवं होतं. तिने बटण दाबलं. बेल वाजली आणि छतातून आवाज आला, 'सात नंबरच्या रांगेत गिऱ्हाइकाला मदत हवी आहे.' एकदा नाही, तीनदा. खोकल्याच्या औषधापाशी उभी असलेली माणसं माना वळवून बघायला लागली. नऊ मिनिटांनी किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक माणूस आला. छातीवर नावाची पट्टी, जेरल्ड. त्याने डबी काढली. मागचं बारीक अक्षर वाचायला ऑर्थेलियाने हात पुढे केला.

"मी धरतो, तुम्ही वाचा," जेरल्ड म्हणाला. "काउंटरपर्यंत मीच नेणार. चोऱ्या होतात म्हणून तसा नियम आहे."

या बाईने तीस वर्षं अर्ध्या गावाच्या डोक्यात हात घातलेला. न्यायाधीशांची बायको तिच्यापुढे मान खाली घालून बसायची. तिने जेरल्डकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाबा रे, तू रांगत होतास तेव्हापासून मी ही डबी वापरते. ठेव परत."

आणि ती निघाली. दारापर्यंत पोचेस्तोवर तिने ठरवून टाकलं होतं की या रांगेत पुन्हा पाय ठेवायचा नाही. दुकानात बाकी रांगा काय कमी होत्या? त्यांना कुलूप नव्हतं.

मग तिने काय केलं, तर स्वयंपाकाच्या रांगेतून खोबरेल उचललं, धान्याच्या रांगेतून जवस घेतले आणि भाजीच्या रांगेत कोरफडीची पानं पडली होती ती घेतली. हमरस्त्यावरच्या शेतीच्या दुकानातून घोड्याच्या आयाळीला लावायचं क्रीम आणलं. बरणीवर चांगला उमदा घोडा. दर मंगळवारी ती हे सगळं शिजवायची, वर पुदिन्याचं तेल घालायची आणि त्याच घोड्याच्या बरण्यांत भरायची. पहिल्या महिन्यात प्रयोग बिघडलेही. एकदा जवसाची खळ इतकी घट्ट झाली की मान हलवली तर केस मोडतील अशी तिला धास्ती वाटली. अख्खं प्रवचन तिने समोर बघत ऐकलं. पास्टरने तिच्या एकाग्रतेचं भर सभेत कौतुक केलं.

शेतीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने एकदा विचारलं, "बाई, किती घोडे आहेत तुमच्याकडे?"

"चौदा," ऑर्थेलिया म्हणाली. "त्यातल्या तिघी चर्चमध्ये गातात."

गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, वास घेतला, लावून पाहिलं आणि गप्प बसली. केस गळायचे थांबले होते. न्यायाधीशीणबाईंनी बरणीवरचं घोड्याचं चित्र तेवढं खरवडून द्यायला सांगितलं.

मॅव्हिसने मात्र अगदी पहिल्याच शनिवारी खुर्ची सोडली. तीस वर्षं ती एकाआड एक शनिवारी या खुर्चीत बसत आली होती. शाळेची बस चालवायची, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हे बघ, मी घोडी नाही," ती म्हणाली. "मला माझी निळी डबी लाव."

"मग तूच आण."

"आणेनच. एक बटण तर दाबायचंय. लिफ्टचं दाबतेस ना?"

"लिफ्ट मला वर नेते, मॅव्हिस."

"आली मोठी! मोडेन पण वाकणार नाही. बस मग त्या घोड्यांपाशी. माझं डोकं माझं मी बघेन."

आणि बघितलं तिने. चर्चला त्या दोघी एकाच बाकावर बसायच्या, एकमेकींच्या ताटातलं खायच्या, फोनवर तासतासभर तिसरीची उणीदुणी काढायच्या. पण मॅव्हिस त्या दिवसापासून हॅट घालून यायला लागली आणि हॅटखाली काय चाललंय ते ऑर्थेलियाला अकरा वर्षं दिसलं नाही. दर महिन्याला मॅव्हिस ऐकवायची, "आज दाबलं गं बटण. बोट काही झडलं नाही." ऑर्थेलिया म्हणायची, "तुझं बोट, तुझं बटण." पण एकाआड एक शनिवारी ती खुर्ची रिकामी दिसली की तिला वाईट वाटायचं. ते ती कुणाला सांगत नसे.

मॅव्हिसची चुलतबहीण बर्निस मात्र पक्की गिऱ्हाईक. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणारी, मुखदुर्बळ बाई. दर महिन्याला दोन बरण्या न्यायची. तिचे केस म्हणाल तर चहाच्या कपात मावतील. दोन बरण्यांचं ही करते काय, असं ऑर्थेलियाच्या मनात यायचं. पण गिऱ्हाइकाला असं विचारू नये.

या मार्चमध्ये मॅव्हिसचं हृदय थकलं. आठ दिवस दवाखान्यात होती, तिथेही डोक्याला रुमाल घट्ट बांधून. सातव्या दिवशी तिने ऑर्थेलियाला जवळ बोलावलं.

"माझे केस तूच करायचे."

"मग दुसरं कोण करणार? गप पड."

"आणि निळ्या डबीतलं लावायचं. तुझं घोड्याचं काही लावलंस तर पेटीतून उठून बसेन. शब्द दे."

ऑर्थेलियाने शब्द दिला. मरणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही आणि मॅव्हिसला ते चांगलं ठाऊक होतं.

मंगळवारी पहाटे ती गेली. शनिवारी चर्चमध्ये निरोप, म्हणजे शुक्रवारी केस. आमच्यात जिने जन्मभर केस केले तीच शेवटचे करते. अंत्यविधीची तयारी करणाऱ्या फ्युनरल होमच्या माणसांवर सोडलं तर लोक विचारतात, बिचारीला कुणी नव्हतं का?

बुधवारी ऑर्थेलियाने मॅव्हिसच्या मुलीला, रोशेलला, फोन केला. "तुझ्या आईची निळी डबी बघ गं न्हाणीघरात."

"नाहीये मावशी, सगळी कपाटं पाहिली."

गावातलं केसांच्या सामानाचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं. इंटरनेटवर मागवली तर सोमवारी येणार. राहिली सात नंबरची रांग.

"मी आणते," रोशेल म्हणाली. "माझा हात काही झिजत नाही."

"शब्द मी दिलाय. मीच आणणार."

गुरुवारी सकाळी ऑर्थेलिया दुकानात गेली ती चर्चचा कोट, हॅट आणि हातमोजे घालून. काचेपुढे ती बराच वेळ उभी राहिली. मनात म्हणाली, मॅव्हिस, मेलीस तरी माझी पाठ सोडली नाहीस. मग हातमोजा काढला आणि बटण दाबलं. बेल तीच आणि छतातला आवाजही तोच. या वेळी अकरा मिनिटं लागली. आला तोही जेरल्डच, दाढी पांढरी झालेली. त्याने तिला ओळखलं नाही. डबी त्याने स्वतःच्या हातात धरली आणि पुढे चालू लागला. त्याच्यामागून ऑर्थेलिया बिग्ज, वय वर्षं एकाहत्तर, शाम्पूच्या उघड्या बाटल्यांसमोरून काउंटरपर्यंत चालत गेली. तिने ना त्याच्याकडे पाहिलं ना लोकांकडे.

"पावती पिशवीत टाकू?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"हातात दे," ऑर्थेलिया म्हणाली आणि ती पावती दिसेल अशी धरून दाराबाहेर पडली.

अकरा वर्षं टाळलेला अपमान एकरकमी झाला होता. गाडीत बसून ती रडली. त्यातलं मॅव्हिससाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे तिने वेगळं केलं नाही.

शुक्रवारी फ्युनरल होमच्या मागच्या खोलीत तिने एप्रन बांधला. मॅव्हिस टेबलावर, मानेखाली ठोकळा. ऑर्थेलियाने कोमट पाणी घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. खुर्चीतल्या बाईशी बोलत राहायचं ही तिची सवय.

"आणली गं बाई तुझी डबी. झालं समाधान? तो जेरल्ड अजून तिथेच आहे. बढती नाही मिळाली मेल्याला."

तिने केसांत बोटं घातली आणि थांबली.

बेचाळीस वर्षांच्या कामात तिची बोटं कधी चुकली नव्हती. निळ्या डबीतल्या मलमाने केस जड होतात, बोटाला मेण लागतं. हे केस मऊ होते, दाट होते, मुळाशी एक तुटलेला नाही. न्यायाधीशीणबाईंचे असतात अगदी तसे. तिने पुन्हा हात फिरवला. मग वाकून वास घेतला.

तेवढ्यात रोशेल आली, आईचा जांभळा पोशाख आणि दवाखान्यातून परत मिळालेली पिशवी घेऊन. "मावशी, डबी सापडली गं. या पिशवीत होती. दवाखान्यातही घेऊन गेली होती बघ."

निळी डबी. कडेचा रंग उडालेला आणि झाकणावर किमतीची चिकटपट्टी, तीन डॉलर एकोणीस सेंट. ती किंमत जाऊनच अकरा वर्षं झाली होती. ऑर्थेलियाने झाकण उघडलं. खोलीत पुदिन्याचा वास पसरला.

रोशेल चाचरत म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत असेल."

"काय माहीत असेल?"

"बर्निस मावशी दर महिन्याला दोन बरण्या न्यायची ना? त्यातली एक आईची. आई या डबीत भरून ठेवायची आणि बरणी धुऊन परत द्यायची."

"आणि बटण? दर महिन्याला दाबायची ते?"

"एकदाच दाबलं. तू भांडून आलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात गेली होती. घरी आली ती दार आपटूनच, हात रिकामे. रात्रभर बोलली नाही. सकाळी मला म्हणाली, ऑर्थेलियाला कळलं तर तुझी धडगत नाही."

"अगं पण का? मला सांगायला काय झालं होतं तिला?"

"तुझं बरोबर होतं, असं तुला सांगावं लागलं असतं ना."

ऑर्थेलिया स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं, पोट धरून बसावं इतकं. मग संताप आला.

"ताकाला जाऊन भांडं लपवलंस तू, अकरा वर्षं!" ती मॅव्हिसला म्हणाली. "दोन पैशांच्या तोऱ्यासाठी माझी खुर्ची रिकामी ठेवलीस. आणि जाता जाता मला तिथे पाठवलंस? जे तुला एकदा सोसलं नाही, ते माझ्याकडून करून घेतलंस? ऊठ आता. उठून बसणार होतीस ना? मग बस की उठून!"

मॅव्हिस उठली नाही. रोशेल खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

जरा वेळाने ऑर्थेलियाने डोळे पुसले, हात धुतले आणि जुन्या डबीतलं बोटभर क्रीम घेतलं. शब्द निळ्या डबीतलं लावायचा होता, ते निळ्या डबीतलंच होतं. तिने बट न् बट वेगळी केली, केस सरळ करायची लोखंडी फणी तापवली आणि घाई न करता दोन तास काम केलं. अकरा वर्षांचं बोलणं साठलं होतं, तेही उरकलं. शेवटी रोशेलने जांभळी हॅट पुढे केली.

"नको," ऑर्थेलिया म्हणाली. "खूप झाली लपवाछपवी. बघू देत लोकांना."

शनिवारी लोकांनी पाहिलं. तिसऱ्या बाकावरून न्यायाधीशीणबाईंनी ओळखलं की हे ऑर्थेलियाचंच काम. बर्निस दारात हातमोजे घालून उभी होती. ऑर्थेलियाला बघून ती छताकडे बघायला लागली.

पेटी बंद करायच्या आधी ऑर्थेलिया पुढे आली. तिने पर्समधून नवी डबी काढली, झाकणाचं सील अजून तसंच होतं. ती तिने मॅव्हिसच्या हाताखाली सारली. मग दुकानाची पावती काढली, घडी केली आणि डबीखाली नीट ठेवली.

"मावशी, पावती कशाला गं?" रोशेलने हळूच विचारलं.

"असू दे," ऑर्थेलिया म्हणाली. "वर दारात कुणी अडवलं तर दाखवायला हवी."