कान खोटं बोलत नाहीत

मातीचे हात ती गालाला पुसायची. चहा गार झाल्याशिवाय प्यायची नाही. बसमध्ये माणसांच्या कानांकडे टक लावून बघायची. माणसं उठून जागा बदलायची. कवटीला अहो-जाहो करायची, दिग्दर्शकाला अरे-तुरे. चेहरा पुरा झाला की त्याच्या डोक्यावर हलकीच टपली मारून म्हणायची, "आलात बरं का माणसांत."

आम्ही तिला मावशी म्हणायचो. आमची टीव्हीवरची मालिका इतिहासातली कोडी विज्ञानाने सोडवायची. विष कोणाला दिलं, थडग्यात नक्की कोण आहे. जुन्या कवटीची यंत्राने मापं घेऊन तिची प्लास्टिकची प्रत बनायची. मावशी तिच्यावर मातीचा चेहरा चढवायची. मी निवेदन लिहायचो. साहित्याची पदवी घेऊन माणूस दुसरं काय करणार?

त्या भागात दोन डोकी होती. एक राजाचं. दुसरं, राजा गेल्यावर 'मीच त्याचा हरवलेला मुलगा' म्हणत उगवलेल्या तरुणाचं. खरा की तोतया? हाडांतून डीएनए मिळेना. प्रयोगशाळेने हात टेकले.

दिग्दर्शकाने दोन्ही डोकी शेजारी ठेवली आणि तो ओरडलाच. "कान बघा! तेच मोठे, तेच बाहेर आलेले. अरे, बाप-लेकच हे!"

मला स्फुरण चढलं. मी लिहिलं, 'कान खोटं बोलत नाहीत.' टाळ्या पडल्या. उद्या चित्रीकरण ठरलं. मावशीचा चहा गार होऊनही तसाच राहिला.

संध्याकाळी ती म्हणाली, "घरी चल जरा."

दार काकांनी उघडलं. तिचे यजमान, निवृत्त घड्याळजी. मी उंबऱ्यातच थिजलो. त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना राजाचे कान होते. मागच्या भागातल्या सेनापतीचे. त्याआधीच्या बुडालेल्या खलाशाचेही.

"मावशी, हे..."

"कवटीला कान नसतात रे. हाड जबडा सांगतं, नाकाचा घाट सांगतं. कानांबद्दल चकार शब्द नाही. मग घरात होते ते लावले."

"जन्मभर हिचं ऐकून मोठे झालेत," काका म्हणाले. "येतायत उपयोगाला, येऊ देत."

"चेष्टा पुरे. सांगितलं तर आधीचे सगळे चेहरे संशयात येतील. काम जाईल माझं. त्याच्याशिवाय मी दिवसभर करू काय?"

"आणि नाही सांगितलंस तर मला एक मुलगा आहे हे जगजाहीर होईल. दोन्ही लेकी विचारतील, बाबा, हा कुठला?"

मावशी हसली. मग बराच वेळ नखांतली माती काढत बसली.

सकाळी ती काकांना घेऊनच आली. त्यांना दोन डोक्यांच्या मधे उभं केलं. आधी कॅमेरावाला फिसकन हसला. दिग्दर्शक काकांकडे बघत राहिला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा काकांकडे.

"मावशी, बुडवलंस मला!"

"बुडायच्या आधी बाहेर ओढलंय, मेल्या."

माझं वाक्य गेलं. त्या जागी मी लिहिलं, 'आम्हाला ठाऊक नाही.' कवटी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दाखवायला काकाच पडद्यावर आले. प्रेक्षकांना सगळ्यांत जास्त तेच आवडले. मावशीचं काम टिकलं. अट एकच: यापुढे कान छापील तक्त्यातल्या सरासरी मापांनी करायचे.

तरुणाचे जुने कान तिने तारेने कापले. तक्ता बघून डावा केला. मागे सरून पाहिला.

"कुणाचाच नाही हा," ती म्हणाली. "या कानात काही सांगावंसंच वाटत नाही."

उजवा तिने केला नाही. धाकट्या लेकीचं बाळंतपण होतं, ती निघून गेली. भागात तो तरुण सगळीकडे डावीकडूनच दिसतो. डोकं आता माझ्या टेबलावर आहे, माती सुकू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"फडकं ओलं ठेव," जाताना तिने बजावलं. "आल्यावर बघते." आणि माझ्याकडे बाजूने, जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी रोज फडकं ओलं करतो. केसही वाढवलेत, कानांवर येतील इतके.