'पाणलोट'मधल्या आठ मात्रा

कात्रजहून निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसून कुणी पन्नाशीचे गृहस्थ मांडीवर बोटं नाचवताना दिसले, तर त्यांना वेडं समजू नका. ते उत्तरेश्वर मास्तर. उजवा हात म्हणजे पुढची रांग, डावा हात म्हणजे मागची. स्वारगेट येईपर्यंत अख्खा नाच मांडीवर होऊन जातो आणि शेजारचा माणूस हळूच पिशवी पोटाशी धरून बसतो.

त्यांचं पद बॅले मास्टरचं. नाच बसवणारा वेगळा, नाचणारे वेगळे आणि बसवलेला नाच वर्षानुवर्षं जसाच्या तसा सांभाळणारा हा तिसरा. कुणाचा हात चार बोटं वर गेला की खाली आणायचा, कुणाचा पाय मुरगळला की त्या जागी दुसरीला उभं करायचं आणि टाळ्या पडताना विंगेत राहायचं. धाराशिवकडच्या त्यांच्या गावात अजून समज आहे, की आपला उत्तरेश्वर पुण्यात शाळेवर आहे. मास्तरांनी तो कधी खोडून काढला नाही. सांगायचं तरी काय आणि किती?

आले होते ते सुतारकामाला, नाचाच्या एका कंपनीच्या हॉलमध्ये लाकडी जमीन बसवायला. काम संपल्यावर फळ्या कुठे कुरकुरतात ते बघतो म्हणून चार दिवस थांबले. कुरकुर कधीच थांबली, मास्तर काही गेले नाहीत. मागच्या रांगेत दहा वर्षं नाचले आणि मग नाच राखायला लागले.

कंपनीचा मोठा नाच 'पाणलोट'. कंपनीचे नाच बसवणाऱ्या तनुजाबाईंनी तो खडकवासल्याच्या धरणातल्या पाण्यावरून बसवला होता. मास्तरांनी तो विंगेतून फक्त दोनदा पाहिला होता, तोच बाई मुलाकडे कॅनडाला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "उत्तरेश्वर, हा तुमच्याकडे ठेवा." जणू घराची किल्लीच दिली.

नाच पुन्हा उभा करायची वेळ आली तोवर जुन्या मुली पांगल्या होत्या; मास्तरांनी सगळा नाच एकट्याने आठवून काढला. फक्त मधल्या एका जागी घोडं अडलं. डोळे मिटले की तिथे मुली नुसत्या उभ्या दिसत. पाणी चढत चढत येई आणि आठ मात्रांपुरती आठवणच गोठून जाई. शेवटी मास्तरांनी तिथे स्वतःच्या पदरचं भरलं. हात पाण्यावरून फिरवावा तसा फिरवून अर्धी गिरकी, एवढंच. आयुष्यात त्यांनी रचलेला नाच तेवढाच, आणि तोही चोरून. चौदा वर्षं लोक नेमकं त्याच जागी टाळ्या देत आणि विंगेत मास्तर मान खाली घालत. ठेव सांभाळायला दिली होती आणि आपण तीत भेसळ केली, ही बोच काही जाईना.

आता बाई परत आल्या होत्या. प्रयोग आठ दिवसांवर होता आणि रविवारी सकाळी त्या तालीम बघणार होत्या.

"मास्तर, तो हाताचा पार्ट बेस्ट आहे हां," पुढच्या रांगेतली उत्कर्षा म्हणाली. "मॅडमनी काही म्हटलं तरी प्लीज चेंज करू नका."

मास्तरांनी हसून पियानोवाल्याला खूण केली.

पियानो सुरू झाला. खिडकीतून कोवळं ऊन जमिनीवर पसरलं होतं आणि मुली त्यात तरंगत होत्या. मास्तर क्षणभर सगळं विसरले. मग ती जागा आली, हात फिरले आणि बाईंनी बोट वर केलं. पियानो थांबला.

"हे कुणाचं?"

"माझं, बाई." मास्तर पुढे आले. "तिथलं मला आठवेना. डोळ्यांपुढे मुली नुसत्या उभ्या दिसायच्या. लई प्रयत्न केला. मग मीच भरलं. चुकलो."

बाईंनी चष्मा काढला.

"अहो, उभ्याच होत्या त्या," त्या म्हणाल्या. "धरण भरलं की पाणी थांबतं. आठ मात्रा नुसतं उभं राहायचं. तुम्ही काहीच विसरला नव्हता, मास्तर."

मास्तर खुर्चीवर बसले. चौदा वर्षांचं ओझं उतरलं तेव्हा त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"तुमचं वाईट नाहीये," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "पण काढा."

मास्तरांनी स्वतःच ते काढलं. आपल्या एकुलत्या एक आठ मात्रा बारा मुलींच्या अंगातून एकेक करून उतरवल्या. उत्कर्षा दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

प्रयोगाच्या दिवशी पाणी चढत आलं आणि थांबलं. बाराही जणी निळ्या उजेडात उभ्या राहिल्या. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. विंगेत मात्र मास्तरांचा हात आपोआप उठला आणि पाण्यावरून फिरू लागला.

"मास्तर, हात," शेजारून बाई पुटपुटल्या.

मास्तरांनी हात खाली घेतला. उरलेल्या पाच मात्रा ते मुलींसारखेच उभे राहिले.