उजवीकडं की उजवीकडून

सेवेतली कितीतरी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. मंचरजवळच्या कालव्यावरचं हे एक मात्र जसंच्या तसं शिल्लक आहे. त्यात ना दरोडा होता ना खून. एका शब्दाच्या शेपटापायी एक माणूस गजाआड जाता जाता राहिला, एवढंच.

आमच्या हद्दीतून कालवा जातो. त्याच्या भरावावरचा मातीचा रस्ता सगळ्यांच्या सोयीचा. हायवेवर कांद्याचे ट्रक अंगाला घासून जातात, म्हणून मंचरला कामाला जाणारे सायकलवाले तो टाळून भरावावरून जातात. त्याच रस्त्यावर मेंढरं, ट्रॅक्टर आणि शाळेची पोरं. रुंदी जेमतेम आणि एका बाजूला पाणी. अलीकडे तिथे बॅटरीच्या सायकलीही दिसू लागल्या होत्या.

एका सकाळी ठाण्यात खबर आली की मेंढरं राखणारा एक म्हातारा कालव्याच्या उतारावर पडलेला सापडला. खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी हातभर घसरला असता तर पाण्यातच गेला असता. मी दवाखान्यात जाऊन जबाब घेतला.

"मागनं कुणीतरी आवाज दिला, उजवीकडं," म्हातारा म्हणाला. "म्या आपला उजवीकडं झालो. तितक्यात जोरात ढकललं."

"गाडीनं धडक दिली असेल, बाबा."

"गाडी आसती तर आवाज आला आसता. माणसानंच ढकललं, सायेब. आदी पान्याकडं व्हायला सांगितलं आन मग ढकललं!"

हे ऐकून माझेही कान टवकारले. उजव्या हाताला कालवा होता. त्या बाजूला व्हायला सांगून ढकलणं म्हणजे सरळ जिवावर उठणं. संशय कुणावर, हे विचारायचीही गरज पडली नाही. चार दिवसांपूर्वी मेंढरं कांद्याच्या रोपात शिरली, तेव्हा शेताच्या मालकानं सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला दम भरला होता, "परत दिसलास तर कॅनॉलमधी ढकलीन!"

पंचनाम्याला गेलो तर जागेवर काही उरलं नव्हतं. म्हातारा पडल्यावर अख्खा कळप तिथून फिरला होता. खुरांच्या ठशांखाली बाकीचे ठसे केव्हाच गेले होते. जवळच्या पाण्याच्या पंपावरच्या बाईनं एवढंच सांगितलं, "कुणीतरी सायकलवाला वरडला, आजोबा पडल्यात म्हनून. आमी पळालो, तवर तो गेला." वाटसरू असेल, असं मी धरलं.

शेतकऱ्याला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, तापट, पण बोलणं सरळ.

"दम दिला होतास?"

"दिला व्हता. लई राग आला व्हता, सायेब. सगळी रोपं खाल्ली वो! पन बोलनं येगळं आन करनं येगळं."

"त्या सकाळी कुठं होतास?"

"रानात. येकलाच."

एकटाच असल्याचा साक्षीदार कुठून आणायचा? खुनाच्या प्रयत्नाचं कलम, वर दम दिल्याचे साक्षीदार. अटक झाली तर लवकर सुटण्याची आशा नव्हती. बाहेर बाकावर त्याची बायको मांडीवर डबा घेऊन बसली होती. ठाणे अंमलदारानं दोनदा घरी जायला सांगितलं, तरी ती हलली नाही. आत नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "डबा तिलाच खायला सांगा. सकाळधरनं उपाशी आसंल." अट्टल माणसं कोठडीच्या दारात बायकोच्या जेवणाची चौकशी करत नाहीत, असा काही कायदा नाही. पण मी अटकेचे कागद बाजूला ठेवले आणि त्याला चौकशीसाठी नुसतं ठाण्यात बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मंचरच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याचा फोन आला. म्हाताऱ्याची बातमी त्याच्या कानावर गेलेलीच होती. "सायेब, बॅटरीची सायकल आलीया. म्होरचं चाक वाकलंय आन ब्रेकच्या दांड्यात काळी लोकर गुतलीया. घोंगडीची हाय. जरा बघून जाता का?"

सायकल एका लॅबमध्ये काम करणाऱ्या तरुणाची होती. बरीच वर्षं पुण्यात काढून तो नुकताच गावी परतला होता. हेल्मेट, हातमोजे, पुढे-मागे दिवे, सगळा सरंजाम. समोर बसवल्यावर पाच मिनिटांत रडायला लागला.

"म्हातारा अचानक आडवा आला, साहेब. मीही पडलो. पंपावरच्या लोकांना हाक मारली, पण मारतील या भीतीनं थांबलो नाही. त्यांना दवाखान्यात नेल्याचं कळलं आणि गप्प बसलो. दुसऱ्या कुणावर आळ आलाय, हे खरंच माहीत नव्हतं."

"पुढं जाताना आवाज दिला नाहीस?"

"दिला ना! पुण्याच्या आमच्या सायकल ग्रुपची शिस्तच आहे. ज्या बाजूनं पुढं जायचं ती बाजू ओरडून सांगायची. मी ओरडलो, उजवीकडून!"

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग हवालदाराला त्या दुकानातल्या दुसऱ्या बॅटरीच्या सायकलवर बसवलं आणि भरावावर माझ्या मागून यायला सांगितलं. माझ्या कोपराजवळ येईपर्यंत मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

तरुणाला म्हाताऱ्याच्या खाटेपाशी नेलं. तो ओरडला, "उजवीकडून!"

"म्या उजवीकडं आयकलं," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, तू मला व्हायला सांगतुया. आरं लेकरा, तू जानार कुटनं हे मला कशाला सांगतुस? आमच्यात म्होरच्याला बाजू सांगत न्हाईत, आपन कोन ते सांगत्यात. 'आजोबा, मी आलो' म्हन. मग मी काय करायचं ते करतो."

"सायकलला मेंढराची घंटा बांधू का, आजोबा?" पोरानं काकुळतीनं विचारलं.

"बांध की! समदी मेंढरं तुज्या मागं मंचरला येत्याल." मोडक्या खुब्यानिशी म्हातारा हसला.

शेतकऱ्याला मी स्वतः ठाण्याच्या दारापर्यंत सोडलं. तरुणावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला आणि पुढचं कोर्टानं पाहिलं. फिर्यादी खोटं बोलत नव्हता, आरोपी खोटं बोलत नव्हता आणि संशयितही नाही. तिघंही खरं बोलत असताना एक निर्दोष माणूस तुरुंगात जाऊ शकतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. तेव्हापासून जबाबातला शब्द मी ऐकणाऱ्याच्या कानानंही आणि बोलणाऱ्याच्या तोंडानंही तपासू लागलो.

निवृत्तीनंतर गुडघ्यांची दया येऊन मीही बॅटरीची सायकल घेतली. हेल्मेट घातल्यावर बायको म्हणाली, "आता कुठं साहेब दिसता." रोज त्याच भरावावरून जातो आणि लांबूनच हाक देतो, "मी आलो हो!" म्हातारा आता काठी टेकत चालतो. मागे न बघता म्हणतो, "या सायेब, या."

तो शेतकरीही कधीकधी भेटतो. माझी हाक ऐकली की तो रस्ता सोडून पार खाली शेतात उतरतो आणि मी नजरेआड होईपर्यंत वर येत नाही. एवढं बाजूला व्हायची गरज नसते. मी त्याला तसं सांगूनही पाहिलं आहे.