झिंडेलफिंगेनची ज्वारी

सर गेल्याचं मुलानं सांगितलं तेव्हा मी बागेत निघालो होतो. "बाबा, आज नका जाऊ," म्हणाला. मी गेलोच. ज्वारीला पाणी द्यायचं होतं, आणि सरांची खुर्ची तिथं होती...

दामले सरांनी जन्मभर बार्शीला इतिहास शिकवला, उतारवयात लेकीकडे जर्मनीत झिंडेलफिंगेनला आले. मी चौथीत शाळा सोडलेला शेतकरी, मुलाच्या नोकरीमागं आलेला. मुलानं भाड्यानं घेतलेल्या बागेच्या तुकड्यात आमची बैठक जमली. सरांचं डायलिसिस चालू, गावी जाणं संपलेलं. एकदा म्हणाले, "बापू, मरायच्या आधी हुरडा खायचाय." म्हटलं, इथंच खाऊ घालतो. गावाकडचं बी आणवलं. ताटं डोक्यावर जायची, पण कणीस बाहेर पडेस्तोवर थंडी यायची. दाणा काही भरेना. दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरली.

सर हसायचे, पण शहाणपण शिकवायचे नाहीत. इतिहास सांगायचे. मला कळणार नाही, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. शेवटच्या भेटीत खुर्चीपुढच्या मातीत त्यांनी दोन बटाटे मांडले.

"हा अलास्का. कातड्यांसाठी रशियन माणसं समुद्र ओलांडून गेली, तिथल्या लोकांना राबवलं. पण धान्य पिकेना. म्हणून हा कॅलिफोर्निया. किल्ला बांधला, गहू पेरला."

"मग?"

"समुद्राचं धुकं. गव्हावर रोग. हवाईतही पाय रोवायला गेले, तिथून हाकलले. शेवटी किल्ला विकला, पुढं झारनं अलास्काही."

"घरापासून इतक्या लांब भाकर कोण पुरवणार, सर?"

"गेनाऊ," सर म्हणाले. बरोबर उत्तराला ते जर्मनच शाबासकी द्यायचे. "आता जरा स्वतःच्या वाफ्याकडे बघा."

"तो झार होता. मी शेतकरी आहे."

एक ताट सोलून त्यांच्या हातात दिलं. तुकडा चावून म्हणाले, "दाणा नाही, पण गोड आहे हो. झार तुमच्याइतका हट्टी असता, तर अलास्का गेलं नसतं."

परवा थंडी पडली. कणसं यंदाही पोकळ. पुढच्या वर्षी घरात खिडकीशी रोपं करून लवकर लावणार आहे. "आता कुणासाठी, बाबा?" मुलानं विचारलं. खुर्ची केलरमध्ये, तळघरात ठेवू म्हणाला, नाहीतर कुजेल. मी हात लावू दिला नाही. तिच्यापुढं ते दोन बटाटे अजून आहेत. अलास्का सडला. कॅलिफोर्नियाला कोंब फुटलाय.